एक पायरी खाली

खेळ या विषयात माझी गती बेताचीच. शाळेत मधल्या सुट्टीत लंगडीचे दोन संघ पाडायचे असले म्हणजे दोन कप्तान समोरासमोर उभे राहत आणि आळीपाळीने एकेक गडी मागून घेत. शेवटी मी एकटा उरे. मग दोघांत जे भांडण लागे ते मला घेण्यासाठी नसे; मला दुसऱ्याने घ्यावे यासाठी असे. ''हा तुला, आणि वर पहिला डावही तुझा!'' अशा बोलीवर मी कैक वेळा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेलो आहे. तेव्हा अमेरिकेतल्या फुटबॉलविषयी मी काही लिहावे हा अधिकप्रसंग आहे, हे मला मान्य आहे. पण त्या खेळातला एक प्रश्न माझ्या मागे लागला तो काही केल्या पाठ सोडीना. आणि आता वाटते की, तो प्रश्न खेळाचा नव्हताच मुळी.

२०२४ सालच्या एप्रिलमध्ये मी शिकागोजवळच्या एका उपनगरात ताईकडे गेलो होतो. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. आमच्या सौभाग्यवतींना बँकेतून रजा मिळेना, आणि मजपाशी तर साठलेल्या रजेखेरीज दुसरी संपत्ती नाही. मेतकूट, भाजणी आणि कुळथाचे पीठ यांचे पुडे घेऊन मी एकटाच निघालो. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. १९९६ साली इंजिनिअर होऊन वरच्या शिक्षणासाठी ती अमेरिकेला गेली आणि तिकडचीच झाली. ती कशी गेली, पैसे कसे उभे राहिले, हा विषय आमच्या घरात कुणी काढीत नसे. मीही नाही. विशेषतः मी नाही.

भाचा सोळा वर्षांचा. त्याला मराठी कळते सगळे. बोलतो मात्र स्वतःच्या व्याकरणाने. ''मामा, माझी डोकं दुखते,'' असे तो म्हणाला की मी मराठीचा प्राध्यापक असल्याने माझेही दुखू लागते. मी पोचलो त्या दिवशीच त्याने विचारले, ''मामा, गुरुवारी ड्राफ्ट आहे. तू बघणार ना?''

ड्राफ्ट म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे बँकेची खिडकी येते, 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी येते, आणि परीक्षेच्या अर्जाला टाचणीने जोडलेला तो गुलाबी कागद येतो. तो घरबसल्या दूरदर्शनसंचावर बघण्यासारखा असतो, ही माहिती मला नवी होती.

भाच्याने माझे अज्ञान मोठ्या मायेने दूर केले. त्यांच्या फुटबॉलमध्ये पायाला काम थोडे, हाताला जास्त, आणि खांद्याला सर्वांत जास्त. धंदेवाईक संघ बत्तीस. दरवर्षी एप्रिलमध्ये महाविद्यालयांतून बाहेर पडणारी चांगली पोरे हे संघ वाटून घेतात. फेऱ्या सात. निवडण्याचा क्रम मात्र मोठा मौजेचा: आदल्या हंगामात जो सर्वांत जास्त हरला त्याला पहिला मान, आणि जो अजिंक्य ठरला तो अगदी शेवटी. गुणवत्ता यादी वरून खाली वाचण्यात माझी वीस वर्षे गेली. नापास मुलाला पहिल्या बाकावर बसवणारी ही व्यवस्था पाहून मला तर गहिवरून आले.

ही पद्धत जुनी आहे. बर्ट बेल हे फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक. श्रीमंत संघ सगळी चांगली पोरे आधीच पळवतात म्हणून त्यांनी ही तोड सुचवली. १९३६ सालच्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात नऊ संघांचे लोक जमले. फळ्यावर नव्वद नावे लिहिली होती. बेल यांचाच संघ सर्वांत वाईट असल्याने पहिला मान त्यांना मिळाला. त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगर या नावाजलेल्या खेळाडूचे नाव पुकारले. तेवढ्या पैशांत जमणार नाही म्हणून त्याच्यावरचा हक्क त्यांनी शिकागोच्या संघाला देऊन टाकला. शिकागोवाल्यांशीही सौदा जमला नाही, आणि बरवँगर पोटापाण्याच्या दुसऱ्या उद्योगाला लागला. धंदेवाईक सामना तो जन्मात एकही खेळला नाही. सबंध इतिहासात पहिली निवड झाली तीच अशी हवेत विरली! या एका गोष्टीवरून त्या लोकांनी शहाणे व्हायला हवे होते. पण निवड करणारी माणसे इतक्यात शहाणी होत असती, तर आमच्याकडे लग्नाच्या पत्रिका जुळवण्याचा धंदा केव्हाच बसला असता.

आता खरा प्रश्न. आपल्या वाट्याला आलेला क्रमांक आपणच वापरला पाहिजे असे बंधन नाही. तो विकता येतो. म्हणजे असे की, माझा दुसरा क्रमांक, तुझा सहावा. तुला एखादा पोरगा फार मनात भरला आहे, आणि सहाव्यापर्यंत तो उरणार नाही अशी तुला भीती वाटते. तर तू माझ्या जागी ये, मी तुझ्या जागी जातो. वर मला दुसऱ्या फेरीतला एक क्रमांक दे, पुढच्या वर्षीचा एक दे. याला ते लोक 'ट्रेड डाउन' म्हणतात. मी आपला 'पायरी उतरणे' म्हणतो. आपण खाली उतरतो, पण ओंजळीत एकाऐवजी चार दाणे येतात. उतरावे की न उतरावे? यावर तिकडे घराघरांत वाद होतात. ताईच्या घरात तो त्या आठवड्यात रोज रात्री जेवणाच्या टेबलावर होई.

शिकागोच्या संघाचे नाव बेअर्स, म्हणजे अस्वले. त्या वर्षी या अस्वलांकडे पहिला क्रमांक होता आणि नववाही. तो पहिला त्यांना मिळाला कसा, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. २०२२ च्या हंगामात ते सतरापैकी चौदा सामने हरले आणि पहिल्या मानाचे धनी झाले. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांनी तो पहिला क्रमांक कॅरोलिनाच्या संघाला देऊन टाकला. बदल्यात नववा घेतला, दुसऱ्या फेरीतला एक घेतला, एक तयार खेळाडू घेतला, पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला हक्क घेतला, आणि त्याच्याही पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीतला. कॅरोलिनावाल्यांनी पहिल्या क्रमांकावर आपल्या मनातला मुलगा घेतला, आणि त्या हंगामात ते सतरापैकी पंधरा सामने हरले. साहजिकच २०२४ चा पहिला मान त्यांचा झाला. पण तो हक्क त्यांनी आधीच शिकागोला दिलेला! म्हणजे पायरी उतरलेला माणूस वर्षाने पुन्हा त्याच पायरीवर उभा, आणि खिसा भरलेला. सावकारीत मुद्दल परत येऊन व्याज हाती राहावे तसा हा प्रकार.

''म्हणून तर म्हणतो, नववाही विकावा,'' माझे मेहुणे म्हणत. ते गणिती वृत्तीचे गृहस्थ. भाताचा कुकर लावतानासुद्धा ते पाणी मापाने घालतात. ''अरे, यंदा यांच्या हातात उणेपुरे चार क्रमांक आहेत. पहिला, नववा, आणि पुढे तिसऱ्या-चौथ्या फेरीतले दोन. दुसऱ्या फेरीतला तर वॉशिंग्टनला देऊन बसलेत. घराला दहा ठिकाणी गळती आहे आणि कौलं चार. एक भारी कौल विकून साधी तीन का घेऊ नयेत?''

''बाबा, नऊ नंबरला जो मुलगा येईल, तसा मुलगा वीसला नाही येणार,'' भाचा म्हणे.

मग मेहुणे एक कोष्टक काढीत. जिमी जॉन्सन हे डॅलसच्या संघाचे नामवंत गुरू. त्यांच्या कारकीर्दीत, १९९०-९१ च्या सुमारास, हे कोष्टक तयार झाले. प्रत्येक क्रमांकाला त्यात भाव लावला आहे. पहिल्याचे ३००० गुण, दुसऱ्याचे २६००, तिसऱ्याचे २२००. सोळाव्यावर येईतो १०००, आणि बत्तिसाव्याचे ५९०. सराफाच्या पेढीवर तोळ्याचा भाव लिहावा तसा हा माणसांचा भाव. कोण मुलगा आहे, कुठल्या गावचा, त्याला खोकला आहे की काय, याचा कोष्टकाशी संबंध नाही. दोन संघ फोनवर घासाघीस करतात ती या आकड्यांवर. मला पेपर तपासण्याचे दिवस आठवले. तिथेही नाव नसते, आसनक्रमांक असतो.

मी मेहुण्यांचा पक्ष घेतला. पंतोजीला सरासरी प्रिय असते. शिवाय त्यांच्याजवळ एक भारदस्त साक्षीदार होता. शिकागो विद्यापीठातले रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी केड मेसी यांच्याबरोबर या निवडीचा मोठा अभ्यास केला. २०१३ साली तो छापून आला. त्याचे नावच मुळी 'हरणाऱ्याचा शाप' अशा अर्थाचे आहे. त्यांचे म्हणणे असे की, वरच्या क्रमांकांना सगळेच संघ वाजवीपेक्षा फार जास्त किंमत देतात. कारण प्रत्येकाला वाटते, माणूस ओळखावा तर आपणच. प्रत्यक्षात एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला मुलगा त्याच जागेसाठी त्याच्या मागोमाग निवडलेल्या मुलापेक्षा सरस निघण्याची शक्यता किती? शेकडा ५२. नाणे उडवले तर ५०. वर्षभर मुलांची धाव मोजायची, उडी मोजायची, तळहाताचा पंजा मोजायचा, मुलाखती घ्यायच्या. आणि या सगळ्या उठाठेवीची कमाई दोन टक्के! ज्याला आपल्या अज्ञानाची जाणीव आहे त्याने एक मोठा डाव लावण्यापेक्षा चार लहान डाव लावावेत, हे उघड आहे. पायरी उतरणे म्हणजे 'मला कळत नाही' असे नम्रपणे कबूल करणे. मला हा विचार इतका आवडला की, त्या रात्री मी भाच्याला यावर लहानसे व्याख्यान दिले.

न उतरता उलट वर चढणाऱ्यांची फजितीही मेहुण्यांनी सांगितली. १९९९ साली न्यू ऑर्लिन्सच्या संघाचे गुरू माइक डिटका यांचे मन रिकी विल्यम्स नावाच्या मुलावर असे काही जडले की, बाराव्या पायरीवरून पाचवीवर चढण्यासाठी त्यांनी त्या वर्षीचे हातातले सगळे हक्क देऊन टाकले, आणि वर पुढच्या वर्षीचे दोन. दोघांचे छायाचित्र एका मासिकाच्या मुखपृष्ठावर आले. त्यात डिटका नवरदेव, आणि तो धिप्पाड विल्यम्स नवरीच्या पांढऱ्या झग्यात! संसार फार दिवस टिकला नाही. त्या हंगामात संघ सोळापैकी तेरा सामने हरला आणि डिटका यांची नोकरी गेली.

भाचा हार मानणारा नव्हता. ''मामा, मग बफेलोचं काय?'' तो म्हणाला. २०१७ साली बफेलोकडे दहावा क्रमांक होता. त्यांनी शहाण्यासारखी पायरी उतरून तो कॅन्सस सिटीला दिला आणि आपण सत्ताविसाव्यावर गेले. वर एक तिसऱ्या फेरीतला आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला हक्क मिळवला. कोष्टक पाहिले तर सौदा चोख. त्या दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीने घेतलेला मुलगा म्हणजे पॅट्रिक माहोम्स. तो त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे सगळा खेळ चालवणारा सूत्रधार. आम्ही बोलत होतो तोवर त्याने आपल्या संघाला तीन वेळा अजिंक्यपद मिळवून दिले होते. बफेलोनेही पुढच्या वर्षी वर चढून जॉश ॲलन हा उत्तम सूत्रधार मिळवला. पण बाद फेरीत गाठ पडली की हरायचे ते याच माहोम्सच्या संघाकडून. जानेवारी २०२१, २०२२, २०२४. आणि मी परत आल्यावर २०२५ च्या जानेवारीत चौथ्यांदा.

''तिथं नम्रपणाचा काय उपयोग झाला?'' भाच्याने विचारले. माझे व्याख्यान माझ्याच घशात अडकले. खरेच, चार दाणे आणि एक बी यांतला फरक कोष्टकात दिसत नाही. 'मला कळत नाही' हे वाक्य कधी विनयाचे असते आणि कधी भित्रेपणाचे. बोलणाऱ्यालाही ते वेगळे करता येत नाही.

बुधवारी रात्री मेहुण्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. २०१२ साली वॉशिंग्टनच्या संघाने रॉबर्ट ग्रिफिन या सूत्रधारासाठी सहाव्या पायरीवरून दुसरीवर उडी मारली. सेंट लुइसच्या संघाला त्यांनी तीन वर्षांचे पहिल्या फेरीतले हक्क दिले आणि वर दुसऱ्या फेरीतला एक. पहिले वर्ष ग्रिफिनने गाजवले. मग २०१३ च्या जानेवारीत त्याचा गुडघा दुखावला आणि तो पूर्वीसारखा राहिला नाही. ७ डिसेंबर २०१४ रोजी सेंट लुइसचा संघ वॉशिंग्टनच्याच मैदानावर खेळायला आला. नाणेफेकीसाठी कप्तान पुढे येतात. सेंट लुइसच्या गुरूंनी त्या दिवशी मुद्दाम सहा जणांना कप्तान करून पाठवले. ते सहाही जण ग्रिफिनच्या बदल्यात मिळालेल्या हक्कांतून आलेले होते. सहा जण मैदानाच्या मधोमध उभे, आणि ज्याच्यासाठी त्यांचे मोल दिले तो त्या सामन्याला बाहेर बसलेला. वॉशिंग्टन चोवीस-शून्य हरले.

''काय टोला मारला!'' मेहुणे हसत म्हणाले. ''अर्थात, पुढे सेंट लुइसचंही काही भलं झालं नाही. त्या चार हंगामांत एकदाही त्यांचे विजय पराजयांहून जास्त झाले नाहीत.''

मीही हसलो. ताई हसली नाही. वॉकर सरकवीत ती उठली. म्हणाली, ''त्या मुलाचा काय दोष? त्यानं थोडंच सांगितलं होतं, माझ्यासाठी एवढं द्या म्हणून!'' आणि ती झोपायला निघून गेली.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता समारंभ सुरू झाला. तो होता डेट्रॉइटला. तीन दिवसांत पावणेआठ लाखांवर माणसे तिथे लोटली, आणि एका सामन्याचाही पत्ता नाही! नुसती नावे ऐकायला इतकी गर्दी आमच्याकडे फक्त निवडणुकीच्या निकालाला होते. भाचा अस्वलांचा निळा-केशरी सदरा चढवून बसला होता. पहिल्या क्रमांकाचे नाव, केलेब विल्यम्स, साऱ्या जगाला आधीच ठाऊक होते. मग एकेका संघाला दहा-दहा मिनिटे. नववा यायला अवकाश होता. ताई म्हणाली, ''चल, तुझ्या हातचं पिठलं कर. मी खुर्चीवर बसून सांगते.''

मी कांदा चिरत होतो. ताईने स्वयंपाकघरातल्या खणातून एक जुना बिस्किटांचा डबा काढला आणि त्यातून एक घडी पडलेला कागद काढून ओट्यावर ठेवला. अक्षर पाहताच मी ओळखले. आमचे वडील नगरपालिकेत कारकून होते. त्यांचे अक्षर छापल्यासारखे. वर 'श्री', खाली तारीख: १४ ऑगस्ट १९९६. ताई विमानात बसली त्याच्या आदल्या दिवशीची.

''विमानतळावर निघताना बाबांनी दिला होता,'' ती म्हणाली. ''परत मागायचे म्हणून नव्हे. तुला माहीत आहे, त्यांना हिशेब लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.''

कागदावर चार ओळी होत्या. एक, फंडातून कर्ज, पस्तीस हजार. दोन, प्लॉट विकून, साठ हजार. तीन, आईच्या पाटल्या, अठरा हजार. या तिन्हींपुढे वडिलांच्याच अक्षरात 'पोचले' असे लिहून तारखा घातल्या होत्या. शेवटची २००२ ची. दर खेपेला गावी आली की ताई तो कागद त्यांच्यापुढे ठेवीत असे, हे मला त्या दिवशी कळले.

चौथ्या ओळीत 'चि.' लिहून पुढे माझे नाव होते. रकमेच्या जागी एक आडवी रेघ. बस्स.

वाचकांना ती रेघ समजावी म्हणून सांगतो. त्याच १९९६ साली मी बारावी झालो होतो. इंजिनिअरिंगला मला प्रवेश मिळाला होता, पण पेमेंट सीटवर. तिची फी घरात नव्हती. जी होती ती वरच्या तीन ओळींत गेली होती. मुलीवर इतका पैसा का घालता, असे चार नातेवाइकांनी बाबांना विचारलेही. बाबा म्हणाले, ''ती पहिली आली आहे.'' मला म्हणाले, ''तुझं पुढच्या वर्षी बघू.'' फी भरण्याच्या शेवटच्या दिवशी मी घरातच पडून एक कादंबरी वाचली. आठवड्याने कला शाखेत नाव घातले. पुढे लोकांनी विचारले की मी सांगत आलो, मला साहित्याची आवड होती. ते खोटे नाही. पण ते पुरते खरेही नाही. बाबांनी एक वरचा क्रमांक घेतला होता, आणि त्याच्या किमतीत मी होतो.

''तीन ओळी फेडल्या मी,'' ताई म्हणाली. ''ही चौथी कशी फेडू? रक्कमच लिहिलेली नाही. अठ्ठावीस वर्षं झाली. इथं काही चांगलं झालं, घर घेतलं, बढती मिळाली, की मला तू दिसायचास. मधोमध उभा.''

मी कांदा चिरीत होतो, ही देवाची कृपा. डोळ्यांना सबब होती.

''अगं, मी इंजिनिअर झालो असतो तर पूल पडले असते,'' मी म्हटले. हे वाक्य मी वर्षानुवर्षे वापरीत आलो आहे. सभा-समारंभांत त्याला हशा मिळतो.

''ते तुला काय ठाऊक?'' ताई म्हणाली.

खरेच, मला काय ठाऊक? शेकडा ५२! मी चांगला इंजिनिअर झालो असतो की वाईट, आणि ती न जाता मी गेलो असतो तर काय झाले असते, हे कुठल्याही कोष्टकात बसत नाही. पण त्या ओट्यापाशी मला एक दुसरी गोष्ट लख्ख दिसली, आणि ती काही मला भूषणावह नव्हती. इतकी वर्षे मी तक्रार केली नाही, याचा मला मोठा अभिमान होता. ताईने पाठवलेली कुठलीही भेट मी 'कशाला उगीच' म्हणून नाखुशीने घेई. तिने लग्नात देऊ केलेले पैसे मी परत केले. लोक म्हणत, केवढा मानी! प्रत्यक्षात मी ती चौथी ओळ मिटू देत नव्हतो. न मागितलेले येणे हे सर्वांत मोठे येणे असते. त्यावर व्याज चढत राहते आणि देणारा ते जन्मभर भरत राहतो. सेंट लुइसच्या गुरूंनी सहा जणांना एकदाच मैदानात उभे केले. मी अठ्ठावीस वर्षे न बोलता तिच्यापुढे उभा होतो.

आणि मला मिळाले काय? मराठी मिळाली. वर्गातल्या शेवटच्या बाकावरून कधी तरी वर येणारा एखादा चेहरा मिळाला. ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांचा वास, जुलैतला पहिला तास, परीक्षेनंतर वर्षांनी रस्त्यात थांबवून ''सर, ओळखलं का?'' म्हणणारी मुले. दाणे लहान, पण ओंजळ भरलेली. बाबांनी केले ते बरोबर की चूक, हे मी आजही सांगू शकत नाही. एवढे मात्र कळते की, निवडणाऱ्याच्या हातात दोन टक्केच असतात. उरलेले निवडल्या गेलेल्यांच्या आणि न निवडल्या गेलेल्यांच्या हातात असते. एकाने किंमत मोजली म्हणून दुसऱ्याला ती उगाळायला लावायची की नाही, हे कुठलाही संघ ठरवीत नाही. ते आपणच ठरवतो.

''पेन आहे का?'' मी विचारले.

फोनजवळच्या पेनाने मी त्या आडव्या रेघेपुढे लिहिले: 'भरून पावलो.' सही केली. ताईने कागद चष्म्याजवळ धरून वाचला. शेवटी तीही बाबांचीच मुलगी. डोळे पुसत म्हणाली, ''तारीख राहिली.'' मी तारीख घातली.

''मामा! लवकर ये!'' बाहेरून हाक आली. आम्ही दोघे बाहेर गेलो; ती वॉकर सरकवीत, मी पिठल्याचा डाव हातात धरून. नववा क्रमांक आला होता. अस्वलांनी पायरी उतरायचे नाकारले आणि रोम ओडुन्झे नावाच्या मुलाचे नाव पुकारले. भाचा सोफ्यावर उभा राहून नाचू लागला. मेहुण्यांनी कोष्टकाचा कागद घडी करून खिशात ठेवला. चेहरा पंचांग चुकलेल्या जोशीबुवांसारखा. पुढचा दहावा क्रमांक न्यूयॉर्कच्या जेट्सचा होता. त्यांनी मात्र तो मिनेसोटाला दिला आणि आपण अकराव्यावर गेले. बरोबर एक पायरी खाली.

''एका पायरीचं काय मिळालं रे त्यांना?'' ताईने विचारले.

भाचा आणि मेहुणे दोघेही एकदम आकडे सांगू लागले. मी तिला बसायला खुर्ची पुढे केली आणि हळूच म्हटले, ''ते कळायला अठ्ठावीस वर्षं लागतात.''

आतून पिठले करपल्याचा वास आला.